बेळगावात बसून कन्नड, कोल्हापुरी, गोवेकर आणि जर्मन गिऱ्हाइकाशी धंद्याचं बोलायचं कसं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या माणसाला भाषेचं टेन्शन मुळातच कमी. घरात मराठी, बाजारात कन्नड, गॅरेजमध्ये दखनी हिंदी, आणि गोव्याचं गिऱ्हाईक आलं की दोन शब्द कोकणीचे पण निघतात तोंडातून. त्यामुळे वेगळ्या रीतीच्या माणसाशी कसं बोलायचं हे शिकायची गरजच काय, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण उद्यमबागेतल्या वर्कशॉपात बसा नाहीतर रविवार पेठेतल्या होलसेलवाल्याकडे, आणि भांडणं कशावरून होतात ते जरा ऐका. भाषा कळली नाही म्हणून क्वचितच होतात. शब्द दोघांनाही कळलेला असतो, पण एकाने "परवापर्यंत" म्हणजे परवा सकाळी माल दारात असं धरलेलं असतं आणि दुसरा परवा रात्री गाडी भरायला घेणार असतो. "बघूया" म्हटलं की एकाला ऑर्डर पक्की वाटते, दुसऱ्याने ते विषय संपवायला म्हटलेलं असतं. भाषा सहज येते म्हणून आपण खात्री करून घ्यायचं सोडून देतो आणि पैसे तिथंच अडकतात.

खाली जे लिहिलंय ते छोट्या कारखानदाराला, दुकानदाराला, घरगुती मालाचा धंदा करणाऱ्याला धरून लिहिलंय. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळी माणसं असतात, आपल्याकडे सगळं आपणच.

पहिलं काम: गिऱ्हाइकाची वही

वही म्हणजे मोबाईलमधली नोट पण चालेल, पण लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका. प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाचं एक पान. त्यात मातृभाषा कुठली हे सगळ्यात शेवटी लिहा, कारण त्याचा उपयोग वाटतो त्यापेक्षा कमी आहे. आधी हे लिहा की ऑर्डरचा शेवटचा शब्द कुणाचा. गोकाक, बैलहोंगलकडच्या पेढीवर तुमच्याशी बोलतो तो मुलगा, पण मान हलवायची असते ती आतल्या गादीवर बसलेल्या वडलांनी, आणि त्यांना एकदा भेटून नमस्कार केला नाही तर मुलगा कितीही हो म्हणू दे, गाडी अडते. पुण्याच्या कंपनीत उलटं, मालकाला भेटून काही होत नाही, परचेसवाल्याने सिस्टीममध्ये पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर) काढल्याशिवाय तुमचा माल गेटातून आत जात नाही. गोव्याच्या हॉटेलात शेफ पसंत करतो आणि स्टोअरवाला नाकारतो.

मग लिहा: हा माणूस नाही कसा म्हणतो? तोंडावर म्हणतो, गप्प बसतो, की फोन उचलायचा बंद करतो? उधारी किती दिवसांची चालते आणि त्याची आठवण कुणी करून दिलेली त्याला चालते? कुठल्या वेळी फोन नको? खाण्यापिण्याचं काही पथ्य? एवढं पुरे. दोन-तीन महिन्यांत ही वही इतकी कामाला येते की पोरगं दुकानात बसायला लागलं की त्याला हीच आधी द्या.

बोलायला सुरुवात

कन्नड गिऱ्हाईक असेल तर सुरुवातीची चार वाक्यं कन्नडमधून बोलाच, येत नसेल तर शिका, एवढ्याला कुठला क्लास लागत नाही. "बर्री, कुंडर्री" (या, बसा), मग तब्येतपाणी, पाऊसपाणी, मग "एष्टरी?" (कितीला?) आणि "स्वल्प कम्मी माडरी" (थोडं कमी करा). उत्तर कर्नाटकात वाक्याच्या शेवटी 'री' लागला की समोरच्याचा मान राखला जातो, तो विसरला तर बोलणं उद्धट वाटतं, मग तुमचं बाकीचं व्याकरण किती का चांगलं असेना. चुकीचं कन्नड बोलला म्हणून आजवर कुणी माल परत केलेला मी तरी बघितलेला नाही, हसतात आणि स्वतःहून मराठीवर येतात, कारण या भागातल्या बऱ्याच कन्नड व्यापाऱ्यांना मराठी येतंच. पण आधी तुम्ही त्यांच्या बाजूला पाऊल टाकलेलं बरं.

हाक कशी मारायची हे पण बघून ठेवा. आपल्याकडे अण्णा, अक्का, मामा, काका सगळं चालतं आणि धंद्यात ते चांगलंच आहे. कोल्हापुरात दुकानदाराला "मालक" म्हटलं की गाडी पुढं सरकते. पुण्यामुंबईच्या ऑफिसात मात्र पहिल्याच भेटीत "काय ओ काका" म्हणू नका, तिथं सर, मॅडम किंवा सरळ नाव आणि पुढं जी. आणखी एक, आपली बेळगावी मराठी कन्नडच्या चालीवर जाते, वाक्य तोडून बोलतो आपण, "या की", "द्या की", "काय झालं ते सांगा की आधी". आपल्याला त्यात प्रेम दिसतं, पुण्याच्या माणसाला फोनवर ते दटावल्यासारखं ऐकू येऊ शकतं. मराठी-मराठीत पण एवढा फरक आहे, आणि तो कुणाच्या लक्षातच येत नाही कारण दोघांनाही वाटतं की आपली भाषा एकच. म्हणून तिकडच्या गिऱ्हाइकाशी पहिले एक-दोन महिने फोन कमी, मेल आणि मेसेज जास्त ठेवा, सूर एकदा जुळला की बोला कसं पण.

गोव्याच्या गिऱ्हाइकाला दुपारी १ ते ४ फोन करू नका. बरीच दुकानं त्या वेळात बंद असतात, जेवण आणि विश्रांतीची वेळ ती. आपला माणूस नेमका जेवून मोकळा होतो आणि तीनला फोन लावतो, तो उचलत नाही, मग आपण म्हणणार की हा टाळतोय.

हो की नाही ते काढून घ्यायचं

समोरच्याचं "हो" खरं किती हे ओळखायचं तंत्र लोक शोधत बसतात. त्यापेक्षा प्रश्नच असा विचारा की ज्याला हो म्हणून सुटताच येणार नाही. "उद्या माल मिळेल ना?" याला बेळगावपासून हुबळीपर्यंत कुणीही होच म्हणणार, भिडेखातर म्हणणार, तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणणार. त्याऐवजी विचारा, "गाडी कुठली लावलीय? ड्रायव्हरचा नंबर टाका. किती वाजता भरायला सुरुवात?" तयारी असेल तर लगेच उत्तर येतं. नसेल तर आवाज बदलतो आणि तिथंच तुम्हाला कळतं.

ऑर्डर घेताना पण तसंच. "मग पाठवू ना?" असं विचारू नका. "कुठल्या पत्त्यावर उतरवायचं, बिल कुठल्या नावाने, जीएसटी नंबर कुठला?" हे विचारा. ज्याला खरंच घ्यायचंय तो जीएसटी नंबर पाठवतो. ज्याला "बघूया" म्हणायचंय तो "पाठवतो नंतर" म्हणतो, आणि मग त्याच्यावर चिडायचं पण नाही, त्याने तुमचा अपमान न करता नाही म्हटलेलं आहे. पुढच्या सीझनला तोच माणूस घेईल.

आपण नाही म्हणायची वेळ आली तर? इथं आपल्या भागातली माणसं फार गुळमुळीत. जमणार नसलेली तारीख कबूल करतो आणि मग फोन बंद. जुन्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला तुमचं सरळ नाही टोचत असेल तर नाहीच्या जोडीला काहीतरी द्या: "शनिवारी ५०० नग होत नाहीत, ३०० देतो, उरलेले बुधवारी, चालेल का सांगा." हे कन्नडवाल्याला पण चालतं, पुण्याला पण आणि जर्मनीला पण.

लिहून पाठवणं, ह्यात सगळं आलं

सगळ्या लेखातून एकच गोष्ट उचलायची तर ही उचला. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ठरलं ते व्हॉट्सॲपवर लिहून टाका. ओळखीचा असला तरी. खरं तर ओळखीचा असला तर आधी. व्हॉइस मेसेज नको, त्यात नंतर आकडा शोधायचा म्हणजे पाच मिनिटं ऐकत बसा. खानापूरच्या काजूवाल्याने हुबळीच्या दुकानदाराला कसं लिहावं ते समजा असं:

"नमस्कार अण्णा. आज फोनवर ठरलं ते लिहितोय.
काजू डब्ल्यू ३२०. १० किलोचे २० डबे. एकूण २०० किलो.
दर बोललो तोच, जीएसटी वेगळा. गाडीभाडं तुमच्याकडे.
गाडी खानापुरातून गुरुवार १२ जून, संध्याकाळी ५ ला निघणार. तुमच्याकडे शुक्रवार १३ जून, सकाळी.
पैसे: निम्मे गाडी भरताना, निम्मे माल उतरल्यापासून १५ दिवसांत, म्हणजे शनिवार २८ जूनपर्यंत.
डबा फुटलेला निघाला तर उतरवतानाच फोटो टाका.
काही चुकलं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा."

आता यात काय काय केलंय ते बघा. उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात असला एक शब्द नाही, वार आणि तारीख दोन्ही आहे, कारण तारीख चुकली तर वार पकडून देतो. डब्ल्यू ३२० ही काजूची प्रत, ती पण लिहिलीय. डबे पण आहेत आणि किलो पण. पोतं, पेटी, क्रेट, गुळाचा रवा या सगळ्यांची वजनं बाजारागणिक वेगळी, त्यामुळे सोबत किलो पाहिजेच. भाडं कुणाचं हे लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त कुरबूर त्याच्यावरून. वाक्यं छोटी ठेवलीत, म्हणजे समोरचा मोबाईलवर भाषांतर करून वाचत असेल तरी घोळ होत नाही. "बोललो तोच" हे मी इथं लेखापुरतं घातलंय, तुम्ही तिथं आकडा लिहा.

कन्नड वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला हेच कन्नड लिपीत गेलं तर सोन्याहून पिवळं. दुकानातल्या कुणाकडून तरी एकदा साचा टाईप करून घ्या, दर वेळी आकडे आणि तारखा बदलायच्या. मोबाईलच्या भाषांतरावर विसंबायचं असेल तर जे कन्नड आलं ते परत मराठीत फिरवून बघा, तिथं गडबड दिसली की मूळ वाक्य सोपं करा.

आणि हा लिहिण्याचा खटाटोप फक्त चांगुलपणासाठी नाही. एमएसएमईचा (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) २००६ चा कायदा म्हणतो की तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून माल दिला आणि पैशाची मुदत लेखी ठरलेली असेल तर ती ४५ दिवसांच्या पुढं जाऊ शकत नाही, आणि लेखी काहीच नसेल तर १५ दिवस धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दरमहा चक्रवाढ. वर इन्कम टॅक्समध्ये १ एप्रिल २०२४ पासून अट लागू झाली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च गिऱ्हाइकाला त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच. यासाठी तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) पाहिजे, आणि नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला हे लागू नाही, तिथं गल्लत करू नका.

पैसे मागायची रीत

हा विषय नाजूक, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा. गावाकडच्या पेढीवर थकबाकीचा मेसेज ग्रुपवर टाकला किंवा नोकरासमोर विषय काढला तर तो व्यापारी पैसे देईल आणि परत तोंड बघणार नाही. तिथं स्वतः जायचं, चहा होऊ द्यायचा, निघताना हळूच विषय काढायचा, "अण्णा, दसऱ्याच्या आत थोडं झालं असतं तर बरं". काही जण मागच्याच महिन्याचा हिशोब काढून तिथंच निम्मे देतात. पुण्याच्या कंपनीत असलं जाऊन बसणं काही कामाचं नाही, तिथं अकाउंट्सला मेल: बिल नंबर, तारीख, पीओ नंबर, माल मिळाल्याची सही, देय तारीख, सगळं एका मेलमध्ये, आणि तारखेच्या आठवडाभर आधी. तिथं आठवण करून देण्यात कुणाला राग येत नाही, उलट मेल नसेल तर बिल खाली दबून जातं. तरीही नाहीच आले तर थकलेल्या पैशाची तक्रार करायला एमएसएमईचं सरकारी पोर्टल आहे, पण ते शेवटचं, एकदा तिथं गेलात की ते गिऱ्हाईक गेलं असं समजूनच जा.

गोव्यात हॉटेल-रिसॉर्टवाल्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. वसुली एप्रिल-मेच्या आत करून घ्या, पावसात तिथं हॉटेलं रिकामी आणि खिसे पण.

कोल्हापूर जवळ आहे पण राज्य दुसरं

बेळगाव ते कोल्हापूर ११० किलोमीटरच्या आसपास. निपाणी ते कागल तर स्कूटरवर जाण्यासारखं. सोयरिकी तिकडं, दवाखाने इकडं, त्यामुळे तिकडच्या गिऱ्हाइकाला आणि आपल्याला पण वाटतं की हा गावातलाच व्यवहार. पण बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लागतो, ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं, आणि तुम्ही कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या धंद्याला ठरावीक दराने जीएसटी) असाल तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही, मग कागल असो की कलकत्ता. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात ई-वे बिलाची मर्यादा १ लाख आहे, म्हणून तिकडचा दुकानदार प्रामाणिकपणे म्हणतो की "सत्तर हजाराला कशाला कागद?" त्याला वाद न घालता एका वाक्यात सांगा की सीमा ओलांडली की ५०,००० चाच नियम. हे दर ठरवायच्या आधी सांगायचं. नंतर सांगितलं की वाटतं हा टॅक्सच्या नावाने भाव वाढवतोय.

सणवार आणि जेवण

आपलं एक बरं आहे, मराठी आणि कन्नड पंचांग महिन्यांना एकच, गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी, खंडेनवमी आणि आयुधपूजा एकच. त्या दिवशी दोन्हीकडे मशीन बंद, फुलं, कुंकू, लिंबू. पण बारीक फरक आहेत आणि धंदा बारीक फरकांवर चालतो. बैलांच्या साजाचा, झुलींचा, रंगाचा धंदा करणाऱ्यांना विचारा, त्यांचे सीझन दोन: ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, कन्नडमधली कारहुणवी, आणि आषाढात महाराष्ट्रातला बेंदूर. माल एकच, महिनाभराच्या अंतराने दोनदा विकता येतो. ज्याला हे माहीत नाही तो पहिल्याच झटक्यात सगळा माल कमी भावात काढतो.

बसव जयंती आणि अक्षय्य तृतीया एकच दिवस, बेळगावची पारंपरिक शिवजयंती त्याच्या आदल्या तिथीला, वैशाख शुद्ध द्वितीयेला. म्हणजे त्या आठवड्यात कामगार निम्मे, रस्ते मिरवणुकीला बंद, डिलिव्हरीची तारीख देताना हे धरा. रमजानमध्ये दुपारनंतर मीटिंग नको, शुक्रवारी दुपारच्या नमाजची वेळ सोडून बोलवा. दिगंबर जैन व्यापारी आणि शेतकरी आपल्या जिल्ह्यात भरपूर, चिकोडी-अथणी-कागवाड पट्ट्यात जास्तच, त्यांच्यातले बरेच जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, तेव्हा रात्री नऊला हॉटेलात जेवायला बोलावून त्यांना नुसतं पाणी पीत बसवू नका, संध्याकाळी पाचला बोलवा आणि कांदा-लसूण चालतो का ते आधी विचारा. लिंगायत गिऱ्हाईक जेवायला असेल तर शाकाहारीच हॉटेल गाठा, मिक्स हॉटेलात "व्हेज पण मिळतं" हे ऐकवू नका.

१ नोव्हेंबर, बोर्ड, आणि तो विषय

यावर लिहायचं नाही असं ठरवलं तर लेखच अर्धा राहील. १ नोव्हेंबरला चन्नम्मा चौकाकडे राज्योत्सव आणि मराठी भागात काळा दिवस, १९५६ पासूनची ही गोष्ट आहे आणि २००४ पासून या सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. तुमचं मत काय असायचं ते असो, माझं मला आहे, पण दुकानाच्या काउंटरवर ते आणायचं नाही. गिऱ्हाइकाने विषय काढला तर ऐकून घ्या, मान हलवा, चहा मागवा, आणि आधीच्या ऑर्डरचं काय झालं ते विचारा. स्टेटसला पण धंद्याच्या नंबरवरून त्या दिवशी काही टाकू नका, ज्याला टाकायचंय त्याने घरच्या नंबरवरून टाकावं.

१ नोव्हेंबरला आणि डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असताना वातावरण तापलं तर गाडी एक दिवस पुढं-मागं करा. सीमेवरच्या कोगनोळीला बस अडकल्याचे दिवस सगळ्यांनी बघितलेत. गाडीचा नंबर कोल्हापूरचा एमएच ०९ असो की बेळगावचा केए २२, काच फुटली की खर्च सारखाच. बाहेरच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे चेन्नईला नाहीतर जर्मनीला, यातलं सगळं राजकारण समजावत बसायची गरज नाही, "स्थानिक बंद, डिस्पॅच २ तारखेला" एवढं पुरे, फक्त आदल्या आठवड्यात कळवा.

दुकानाच्या बोर्डाचं: कर्नाटकात २०२४ च्या कायदा-दुरुस्तीनंतर बोर्डावर ६०% कन्नड लागतं, आणि ते वर. खाली उरलेल्या जागेत मराठी, इंग्लिश काय हवं ते घाला. नवीन बोर्ड करताना पेंटरला आधीच मापं सांगा, आणि कन्नड मजकूर कन्नड शिकलेल्या माणसाकडून तपासून घ्या, चुकीच्या कन्नडचा बोर्ड लावण्यासारखी दुसरी फजिती नाही. खाण्याच्या पाकिटावर कायद्याने लागणारी माहिती इंग्लिशमध्ये किंवा देवनागरी हिंदीत लागते, त्याच्या जोडीला कन्नड आणि मराठी दोन्ही छापलं तर तेच पाकीट गोकाकला पण जातं आणि गडहिंग्लजला पण.

सरकारी ऑफिसात कागद कन्नडमध्ये चालतो. अर्ज टाईप करून देणारे कोर्ट आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या आसपास बसतात, पण सही करायच्या आधी काय लिहिलंय ते त्यांच्याकडून मराठीत वाचून घ्या, ओळ न् ओळ. मापं, सर्व्हे नंबर, नाव यांच्याकडे जास्त बघा.

कारखान्यातली भाषा

फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगवाला (साचे करणारा) खानापूरचा किंवा चंदगडचा, मशीनवर बैलहोंगलचा पोरगा, फेटलिंगला (ओतलेल्या मालाची जास्तीची धार काढायला) ओडिशा-बिहारची माणसं, आणि सुपरवायझर सगळ्यांशी मिळून एक खिचडी हिंदी बोलतो. रोजचं काम त्यावर निभतं, पण भट्टीजवळच्या सूचना निभत नाहीत. तिथं शब्दावर विसंबू नका. ओला चमचा किंवा ओलं भंगार वितळलेल्या लोखंडात गेलं तर उडतं, हे चित्र लावा, फुली मारून. नवीन माणसाला सांगून झाल्यावर "समजलं का?" विचारू नका, तो मान हलवणारच, त्याला म्हणा "आता तू मला करून दाखव". आणि ओरडायचं असेल तर बाजूला घेऊन. चार जणांत ओरडलेलं आपल्या गावचा पोरगा विसरेल, घरापासून दीड हजार किलोमीटर लांब आलेला विसरत नाही, दिवाळीला गावी जातो आणि परत येत नाही.

परदेशी गिऱ्हाईक

आपल्याकडून कास्टिंग (ओतीव भाग), हायड्रॉलिकचे पार्ट बाहेर जातात, त्यामुळे हे थोडं खोलात. ड्रॉइंग आलं की आधी कोपऱ्यातल्या चौकटीतलं ते चिन्ह बघा, कापलेला शंकू आणि त्याच्या शेजारी दोन वर्तुळं. युरोपचं ड्रॉइंग बहुतेक फर्स्ट अँगल असतं, म्हणजे उजव्या बाजूचं दृश्य डावीकडे काढलेलं, आपल्याकडे शिकवतात तसंच. अमेरिकेचं थर्ड अँगल, म्हणजे उजव्या बाजूचं दृश्य उजवीकडेच काढलेलं. हे न बघता पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) केला तर पार्ट आरशातल्यासारखा उलटा तयार होतो आणि तो भंगारातच जातो. मापं इंचात की मिलिमीटरमध्ये हे पण तिथंच.

आकडे: जर्मन माणसाने १.२५० नग लिहिले तर ते बाराशे पन्नास, आणि १,५ म्हणजे दीड. आपण नेमकं उलटं वाचतो. तुम्ही कोटेशन लिहिताना लाख-कोटी घालू नका, १,५०,००० अशी स्वल्पविरामं पण नको, त्यांना ती छपाईची चूक वाटते. तारखेत महिना अक्षरात लिहा, कारण ०६/०७ अमेरिकेत ७ जून होतो.

वेळ: जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात तिकडं, त्यानंतरच्या सोमवारी मीटिंगची वेळ परत एकदा लिहून विचारा. ऑगस्टमध्ये आणि नाताळाच्या आसपास तिकडची माणसं सुट्टीवर असतात, मंजुरी लागणार असेल तर जुलैतच घ्या. दुबईत २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस, सौदीत मात्र शुक्रवार-शनिवार, दोन्हीकडे एकच मेल टाकून शुक्रवारी उत्तराची वाट बघत बसू नका.

युरोपचा माणूस मेलमध्ये सरळ लिहितो, "हे मान्य नाही". हाय-हॅलो नाही, तब्येत विचारत नाही. आपला माणूस वाचतो आणि त्याचा दिवस जातो. त्यात राग नसतो, त्याने पार्टबद्दल लिहिलेलं असतं, तुमच्याबद्दल नाही. उत्तर पण तसंच द्या, मुद्द्याला मुद्दा, त्याच्याच नंबरांनी.

तक्रार आली तर सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे गप्प बसणं. आपल्याकडे चूक निस्तरल्यावर सांगायची सवय, तिकडं चूक कळल्या क्षणी सांगायची अपेक्षा. भट्टी बंद पडली, माल चार दिवस उशिरा जाणार, हे आज सांगितलं तर तो त्याची लाइन बदलून घेतो. चार दिवसांनी सांगितलं तर त्याच्याकडं लाइन थांबलेली असते आणि त्याचा खर्च तुमच्या नावाने निघतो. गाडीच्या पार्टवाले एट-डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत लिहायचा नमुना) मागतात. तो भरताना "कामगाराला समज दिली आहे" एवढंच लिहून सुटता येत नाही, आपल्याकडे ते खूप वाटतं, तिकडे त्याला उत्तरच धरत नाहीत. आधी त्यांच्याकडे आणि वाटेत असलेला माल कसा वेगळा काढणार ते लिहा, तो भाग बहुतेक कंपन्या एक-दोन दिवसांतच मागतात. मग कारण, ते पण पुराव्यासकट: वाळूचा ओलावा किती होता, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) कुठल्या शिफ्टचा, गेज कधी तपासलेलं. मग काय बदललं त्याचा फोटो. इंग्लिश मोडकं असलं तरी चालतं. फोटोवर बाण काढून, खाली माप लिहून पाठवलेलं तर कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतं, आणि त्याच दिवशी गेलेलं असलं की पुढचा फोन जरा मऊ आवाजात येतो.